आधी आजाऱ्याचा घास

लातूर,
माघ शुद्ध ८, शके १८६२

चि. सिद्धेश्वर यास दत्तोपंत मास्तरांचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तू नांदेडला ढोरांच्या दवाखान्यात सलोत्री म्हणून रुजू झालास हे तुझ्या वडिलांकडून कळलं. ऐकलं आणि मला तो तिसरा बाक दिसला, खिडकीजवळचा. उर्दूचा तास संपून मराठीचा लागला की बाहेरच्या लिंबाची सावली तुझ्या पाटीवर यायची, आणि तू कविता म्हणायला उभा राहायचास. पाठांतर चोख. खोड एकच, शेवटचं कडवं घाईघाईनं उरकून टाकायचास. असो. म्हातारा झाला की माणूस कामाचं सोडून बाकावर जाऊन बसतो.

काम असं आहे. पेन्शन झाल्यापासून मी इथल्या पांजरपोळाचा कारभार पाहतो. गंजबाजारातले धान्याचे व्यापारी कै. गुरुबसप्पा यांनी गाईगुरांबरोबर मांजरांसाठीही एक लांबट खोली बांधली. ताऊनाच्या, प्लेगच्या सालात उंदीर मारून मांजरांनीच आपलं घर राखलं, अशी त्यांची श्रद्धा. वखारीतली थकलेली मांजरं, कुणी सोडून दिलेली पिल्लं, सगळी इथं येतात. ज्या वखारीतून आली त्या मालावरून नावं पडतात: जवस, करडी, बडीशोप. गुरुबसप्पांच्या सांगण्यावरून दारावरच्या पाटीसाठी दोन चरण मीच रचले होते:

आधी आजाऱ्याचा घास ।
मग निरोग्यांची आस ॥

या मांजरघरात साथ शिरली आहे. आधी शिंका, मग नाकाला पाणी, मग डोळे चिकटून बंद. जिभेवर फोड येतात, लाळ गळते, खाणं सुटतं आणि छातीत घरघर लागून जीव जातो. चौतीस होती, दीड महिन्यात नऊ गेली. मी दोन्ही वेळा फिनेल शिंपडतो. संध्याकाळी ऊद जाळतो. वारं लागू नये म्हणून खिडक्यांना पोती लावली आहेत. तरी थांबत नाही.

या मांजरांना पाहणारी तारामती म्हणून बाई आहे. नायगावकडची, शेतकऱ्याच्या घरातली, विधवा. अकरा वर्षं पांजरपोळाच्या पडवीत राहते. तिची सेवा तू पाहायला हवी होतीस. उजाडलं की पहिली आजाऱ्यांकडे जाते. पदराच्या टोकानं त्यांचे डोळे पुसते, नाक पुसते, बोटानं दूध चाटवते. त्यांचं झाल्याशिवाय दुसऱ्या कुणाकडे बघत नाही. मग त्याच पदरात पिल्लांना गोळा करते. आजारी आणि धडधाकट, दोघांना एकाच मायेचा पदर. मी आयुष्यभर कविता शिकवल्या. ही बाई अक्षरओळख नसताना माझे दोन चरण रोज जगते.

आणि तिच्यावरच आलंय. गुरुबसप्पांचा मुलगा वीरण्णा आता मुख्य पंच आहे. माणूस वाईट नाही. परवा मला म्हणाला, "मास्तर, बापाचं नाव हाय म्हणून गप बसलो. पाडव्याला पंच बसतील. तवर मरायचं थांबलं तर बरं, न्हाईतर मांजरघराला कुलूप. आन् त्या बाईच्या हाताला यश न्हाई. जिला हात लावती ती जाती. तिला दुसरीकडं जाऊ द्या." सिद्धू, तिला दुसरीकडं म्हणून काही उरलेलंच नाही. आणि कुलूप लागलं तर ही मांजरं पोत्यात घालून माळावर सोडतील.

काही औषध असेल तर अहमदपूरच्या मोटारीनं पाठव.

तुझा
दत्तोपंत

•

नांदेड,
९ फरवर्दी १३५० फसली (माघ वद्य ३)

ती. गुरुवर्य मास्तरांना सिद्धेश्वरचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र आलं. अक्षर अजून तसंच, वेलांटीला फुलासारखा फुगवटा. पत्र तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट लक्षात आली. तेवढं आधी सांगतो, कारण उशीर नको.

या रोगाला औषध नाही. त्याचं विष आमच्या भिंगाखालीही दिसत नाही. ते शिंकेच्या थेंबात असतं, नाकाडोळ्यांच्या पाण्यात असतं, लाळेत असतं. तिथून ते ताटलीला लागतं, गोणपाटाला लागतं, हाताला लागतं. मास्तर, पदरालाही लागतं. तारामतीबाई पहिल्यांदा आजाऱ्यांकडे जातात आणि त्याच पदरात पिल्लांना घेतात, असं तुम्ही कौतुकानं लिहिलंत. मलाही कौतुक वाटलं. पण रोग चालतोय तो त्याच वाटेनं.

क्रम उलटा करा. सकाळी आधी पिल्लं, मग धडधाकट, आजारी सगळ्यांत शेवटी. आजाऱ्यांसाठी वेगळं लुगडं, वेगळ्या ताटल्या; तिथून बाहेर पडलं की साबणानं हात धुवायचे आणि त्या दिवशी पुन्हा पिल्लांकडे जायचं नाही. बाकी सगळं चुकलं तरी हे चुकवू नका.

फिनेल आजच बंद करा. मांजर पाय चाटतं, फिनेल त्याला जहर आहे. गोणपाटं सोडा घालून उकळा आणि उन्हात टाका, फरशी उकळत्या पाण्यानं धुवा. ऊदही बंद, दुखऱ्या छातीला धूर सोसत नाही. खिडक्यांची पोती काढा. कोंडलेल्या खोलीत एकाची शिंक चौतिसांची होते. ऊबेला टोपलीत गवत घाला, पण वर हवा खेळू द्या. आजारी खोली वेगळी हवी. आणि नवीन येणारं मांजर, कितीही गुटगुटीत दिसो, चौदा दिवस एकटं ठेवा.

खाणं सुटतं ते नाक चोंदल्यामुळं. वासच येत नाही तर मांजर खाईल कसं? घमघमीत काहीतरी कोमट करून द्या.

बाईंना हे जपून सांगा, पण सांगा. तुम्ही आम्हाला शिकवलं होतंत, अर्थ कळला की पाठांतर टिकतं.

आपला
सिद्धेश्वर

•

लातूर,
माघ वद्य ११

चि. सिद्धेश्वर यास आशीर्वाद.

तुझी सरकारी तारीख पंचांगाशी ताडून पाहायला मला अर्धा तास लागला. नोकरी माणसाचे महिनेसुद्धा बदलून टाकते.

तू सांगितलंस ते केलं. पोती काढली, इतकं ऊन आत आलं की मांजरं क्षणभर डोळे मिटून बसली, जत्रेला नेलेल्या मुलांसारखी. फिनेल बंद, ऊद बंद. कडब्याची कोठी रिकामी करून आजाऱ्यांना तिथं हलवलं. गोणपाटं रोज उकळतात. नवीन मांजरांसाठी जुनी तबेल्याची खोली ठेवली. हा सरकारी सलोत्र्याचा हुकूम आहे एवढंच मी सगळ्यांना सांगितलं, म्हणजे वाद नको. तारामतीनं चौदा दिवसांचं ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजे सोयरच की. बाळंतिणीला बारा दिस, मांजरीला चौदा." त्या खोलीला आता सगळे सोयराची खोली म्हणतात.

घमघमीत खाण्याचं तिनंच शोधलं. दूध तापवून झाल्यावर पातेल्याच्या बुडाला जी करपट खरवड राहते, ती खरडून, कोमट दुधात कालवून बडीशोपच्या नाकाशी धरली. चार दिवस तोंड न उघडलेली बडीशोप उठून बसली. मी उंबऱ्यात उभा राहून पाहत होतो. वर्गात एखादं मुकं पोर एकाएकी धडा वाचायला लागतं, तेव्हा वाटायचं तसं वाटलं.

मरण कमी झालं, पण थांबलं नाही. या आठवड्यात दोन पिल्लं गेली. हे कसं, तूच सांग.

तुझा
दत्तोपंत

•

नांदेड,
२३ फरवर्दी (फाल्गुन शुद्ध २)

ती. मास्तरांना नमस्कार.

खरवडीची युक्ती माझ्या कुठल्या पुस्तकात नाही. दवाखान्याच्या वहीत मी ती बाईंच्या नावानं टिपून ठेवली आहे.

पण मास्तर, तुमच्या पत्रात सगळं आहे, एक गोष्ट नाही. क्रम बदलला का? त्याबद्दल एक अक्षर नाही. पिल्लांना अजून रोग पोचतोय, म्हणजे आजाऱ्यांपासून त्यांच्याकडे कुणीतरी जातंय. बाईंना कारण सांगितलंत का?

आपला
सिद्धेश्वर

•

लातूर,
फाल्गुन शुद्ध ९

चि. सिद्धेश्वर यास सौदामिनीचे अनेक आशीर्वाद.

माझं पत्र पाहून चकित होशील. आमच्या घरात लिहिण्याचं काम यांचं, मी आपली गोगलगाईच्या गतीनं लिहिणारी, पण तुला आमच्या घरची थालीपीठं आवडायची त्या हक्कानं लिहिते.

तुझी दोन्ही पत्रं मला सापडली. कुठं, सांगू? यांच्या जुन्या कवितेच्या पुस्तकात. लपवायला माणसानं निदान अशी जागा शोधावी जी तो स्वतः रोज उघडत नाही. मी वाचली आणि यांच्यापुढं ठेवली. आधी म्हणाले, तारामतीला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. मी गप्प बसले. मी गप्प बसले की यांना खरं बोलावं लागतं, बेचाळीस वर्षांचा अनुभव आहे. मग म्हणाले, "पाटी माझी आहे. ती बाई अकरा वर्षं माझं वाचून वागली. वाचून तरी कुठं, मीच म्हणून दाखवलं तिला."

सिद्धू, हे वाईट नाहीत, तुला ठाऊक आहे. पण ती दोन पिल्लं यांच्या गप्प बसण्यानं गेली, हे मी यांना स्पष्ट सांगितलं. त्या दिवशी जेवले नाहीत.

मग मी पांजरपोळात गेले आणि तुझं पहिलं पत्र तारामतीला अथपासून इतीपर्यंत वाचून दाखवलं. ती खाली बसून ऐकत होती. मांडीवर करडी होती. पदराचं वाचलं तेव्हा तिनं करडीला हळूच खाली ठेवलं, हात आपल्या मांडीखाली दाबून धरले. शेवटी कमरेची मांजरघराची किल्ली काढून माझ्यासमोर ठेवली. "वीरण्णा खरंच बोलला, बाईसाहेब. माझ्या हाताला यश न्हाई. आता ह्यांना हात लावायची न्हाई मी."

तेव्हापासून चार दिवस ती अंगणात बसून आहे. पिल्लं आणि धडधाकट मांजरं मी पाहते, तुझ्या क्रमानं. आजाऱ्यांकडे शेवटी जाते, पण ती माझ्या हातचं खात नाहीत. खरवडीला माझ्या हाताची चव नाही म्हणावं तर दूध त्याच पातेल्यातलं. पाच आजारी आहेत. चार थेंब दूध चाटतात तेवढंच, अशानं आठवडाभरात जातील. मी तिला हे सांगितलं तर तोंड फिरवून रडली, पण उठली नाही.

तिनं तुला एक विचारायला सांगितलंय. ती बोलली तसंच लिहिते:

"डाक्टरसाहेब, मला बरं वाटावं म्हणून काई लिहू नका. खरं सांगा. ती अकरा माझ्या हातानं गेली का?"

पाडव्याला आता तीनच आठवडे राहिले. उत्तर लवकर दे.

सौदामिनी

•

नांदेड,
३ अर्दिबेहश्त (फाल्गुन शुद्ध १२)

गं. भा. तारामतीबाई यांस सिद्धेश्वरचा सादर नमस्कार.

हे पत्र काकू तुम्हाला वाचून दाखवतील. काकू, एक शब्द गाळू नका.

तुम्ही खरं विचारलंत, खरं सांगतो. हो. अकराची अकरा नाही, पहिली दोन-तीन बाहेरून रोग घेऊन आलेल्या मांजरामुळं गेली असतील. पण बाकीच्यांपर्यंत रोग तुमच्या हातानं आणि पदरानं गेला. मास्तरांच्या पाटीनं तुम्हाला त्या वाटेनं नेलं, आणि कोंडलेल्या हवेनं मदत केली. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तरी गेला तो तुमच्या हातानंच.

आता माझं ऐका. गेल्या वर्षी अर्धापूरला केळीच्या मळ्यात एका शेतकऱ्याच्या बैलाला खुरकूत झाली. मी गेलो, खुरं धुतली, औषध लावलं, बैल वाचला. त्याच बुटांनी त्याच दिवशी पुढच्या गावाला दुसऱ्या गोठ्यात गेलो. मला शिकवलेलं होतं, बाई. कॉलेजात परीक्षेला मी ते लिहिलं होतं, मार्क मिळाले होते. ऊन फार होतं आणि विहीर लांब होती, म्हणून बूट धुतले नाहीत. आठ दिवसांत त्या गोठ्यात सात बैल पडले. त्यातले दोन गेले, ऐन पेरणीच्या तोंडावर. त्या शेतकऱ्याला मी अजून सांगितलेलं नाही. तो वाटेत दिसला की मला रामराम करतो, डॉक्टर म्हणून.

तुमच्या हाताचा हिशोब मला विचारलात, म्हणून माझ्या पायांचा सांगितला. मी नोकरी सोडली नाही. दारात बादली ठेवली. आता कुठल्याही गोठ्यात जाण्याआधी आणि नंतर बूट धुतो, लोक हसतात. त्याच पायांनी जातो.

मांजराच्या आजारात माझं औषध काही नाही. ते जगतं ते खाल्लं तर. आणि काकू लिहितात, ती फक्त तुमच्या हातचं खातात. म्हणजे त्या पाचांसाठी औषध म्हणून जे काही आहे, ते तुम्ही मांडीखाली दाबून बसला आहात.

पिल्लं काकूंकडे राहू द्या. तुम्ही वेगळं लुगडं नेसा आणि उठा.

आपला
सिद्धेश्वर

•

लातूर,
चैत्र शुद्ध ३, शके १८६३

चि. सिद्धेश्वर यास दत्तोपंताचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

नवीन वर्षाचं पहिलं पत्र तुला. मध्ये मी लिहिलं नाही, कारण लाज वाटत होती. तुझ्यासमोर वाटत होती, आणि तिसऱ्या बाकावरच्या त्या पोरासमोर जास्त. त्याला मी खोटं बोलला म्हणून एकदा उभा केला होता.

तुझं पत्र सौदामिनीनं अंगणातच वाचून दाखवलं. मीही होतो, लिंबाखाली, ऐकू येईल इतक्या लांब. बैलांचं आलं तेव्हा तारामतीनं मान वर केली. पत्र संपल्यावर तिनं पुन्हा एकदा तेवढंच वाचायला लावलं. मग म्हणाली, "त्या शेतकऱ्याला सांगा म्हणावं डाक्टरला. म्या ऐकून घेतलं, त्योबी घील." एवढं बोलून ती उठली, रांजणाच्या पाण्यानं हात धुतले, सौदामिनीनं दिलेलं जुनं हिरवं लुगडं नेसली आणि दुधाचं पातेलं खरडायला बसली. तो खरडण्याचा आवाज ऐकून कोठीतून जवस ओरडली. आठ-नऊ दिवसांत पहिल्यांदा.

पाचांतलं एक गेलं. चार वाचली. बडीशोपचा एक डोळा अधू राहील असं दिसतं, पण भिंतीवर चढते.

परवा पाडव्याला पंच बसले. सव्वीस दिवस झाले होते, सौदामिनीनं तुझा क्रम धरल्यापासून. पैकी शेवटच्या सतरांत एकही नवी शिंक नाही. वीरण्णा स्वतः तिन्ही खोल्यांतून फिरला. आधी आजाऱ्यांच्या कोठीकडे वळला, मोठा माणूस, पाहणीला आलेला. तारामती दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, "मालक, असं न्हाई. आधी पिल्लं बघा, मग थोरली, मग हिकडं. आन् हितून गेल्यावर पुना तिकडं जायचं न्हाई." वीरण्णा मागं फिरला. पिल्लांपासून सुरुवात केली. शेवटी कोठीतून बाहेर आल्यावर त्याच्या हातावर तिनं साबण ठेवला. हात धुता धुता तो मला म्हणाला, "मास्तर, बाप असता तर ह्या बाईला खुर्ची दिली असती." कुलपाचा विषय कुणी काढला नाही. वखारीतून नवीन मांजरं पाठवायची तर आधी तारामतीला विचारायचं, असं ठरलं आणि चहा आला.

मग मी उठून पंचांसमोर सांगितलं की पाटीवरचे चरण चुकीचे आहेत, ते मी रचले आहेत आणि ते पुसून मी नवे लिहीन. त्या रात्री खूप खटपट केली, सिद्धू. 'आधी पिल्लांचा' म्हणावं तर मात्रा बसत नाही, 'शेवटी आजाऱ्याचा' म्हणावं तर निर्दय वाटतं. काल कोरा कागद घेऊन तिच्याकडे गेलो आणि विचारलं, काय लिहू?

आजाऱ्यांच्या कोठीत ती एका म्हाताऱ्या मांजराला मांडीवर घेऊन बसली होती. मी उंबऱ्याबाहेर. म्हणाली, पुसू नका, पाटी काढून हितं आत लावा. ह्या खोलीत आजाऱ्याचाच पहिला घास असतो. आज सकाळी सुतारानं पाटी तिथं ठोकली.

काल तिथून मी परत निघालो होतो. उगाच विचारलं, आजाऱ्यांकडे शेवटी जायचं तुझ्या जिवावर येत असेल. तिनं वर पाहिलं नाही. कोमट फडक्यानं त्या मांजराचे चिकटलेले डोळे हळूहळू सोडवत होती.

"पयल्यांदा वाटायचं तसं. पन आधी मी हितं यायची ती उठायच्या घाईत, मास्तर. मागं तीस मांजरं वरडायची, म्हून घास भरवायचा आन् पळायचं. आता समद्यांचं झालेलं असतं. मागं कुनी न्हाई. बसाया मिळतंय."

तुझा
दत्तोपंत